गवत कापायचे मशीन आणि आमचा आगाऊपणा



या सदरात आम्ही आजवर शिलाई मशीनची, मिक्सरची, स्टोव्हची दुरुस्ती सांगितली. ती मोठ्या ऐटीत सांगितली, कारण त्या वस्तू आमच्या हातून कधी बिघडल्या नव्हत्या. आजची वस्तू मात्र आम्हीच बिघडवली आणि आम्हालाच दुरुस्त करावी लागली. तेव्हा आज जरा खालच्या आवाजात.

आमचे घर सारोळ्याचे. पुणे-सातारा रस्त्यावर, नीरा नदीच्या अलीकडे. नदी ओलांडली की शिरवळच्या कंपन्या. आमचा पुतण्या तिकडेच एका कंपनीत कंत्राटावर होता. कंत्राट संपले आणि काम गेले. चार महिने पोरगा घरी बसला. मग वहिनींनी बचत गटातून कर्ज काढले आणि त्याला गवत कापायचे मशीन घेऊन दिले. कोणी त्याला ग्रास कटर म्हणतात, कोणी ब्रश कटर. खांद्याला पट्टा, पाठीमागे छोटे पेट्रोलचे इंजीन, लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी नाही तर लोखंडी पाते.

भोर-वेल्ह्याकडे पाऊस उघडला की बांधावर, रस्त्याच्या कडेला, लोकांनी घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर गवत माणसाच्या कमरेएवढे होते. विळ्याने ते काढायचे तर दिवसभर कमरेत वाकून काढायचे. आमच्या आईने दुसऱ्यांच्या बांधाचे गवत असेच काढले, दोन भारे मालकाला आणि एक आपल्याला या बोलीवर. तिचा नातू आता उभ्याने गवत कापतो आणि तासावर पैसे ठरवतो. आम्हाला ते पाहून फार बरे वाटायचे. त्या बरे वाटण्यातच आम्ही घोटाळा केला.

ऑक्टोबरचे दिवस. विहाराच्या आवारात गवत माजले होते. पुतण्या कामासाठी भोरला गेला होता आणि त्या दिवशी मशीन घरीच होते. आम्ही म्हटले, आपणच करून टाकू, आयुष्यभर कारखान्यात मेंटेनन्स केला, हे एवढेसे इंजीन काय आहे! पडवीच्या फळीवर पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, दोन्हीत पेट्रोल. एक मशीनची, एक मोटारसायकलसाठी आणून ठेवलेली. आम्ही एक उचलली, टाकी भरली, दोरी ओढली. मशीन पहिल्या झटक्यात चालू झाले. दहाएक मिनिटे असे सुरेख चालले की आमची छाती फुगली. मग आवाज चिरका झाला, जोर कमी झाला आणि मशीन गप्पकन बंद पडले. दोरी ओढून पाहिली तर ती जागची हलेना.

पुतण्या संध्याकाळी आला. त्याने दोरीला हात लावला आणि आमच्याकडे न बघताच विचारले, "नाना, तेल घातलं होतं ना?"

आम्ही काय बोलणार? दुसऱ्या दिवशी त्याला नसरापूरच्या बाजूला दोन दिवसांचे काम होते. ते गेले. आठवड्यावर गटाचा हप्ता होता. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

आता ही चूक नेमकी काय ते नीट समजून घ्या, कारण गावोगाव जी मशीने बंद पडून भिंतीला टेकलेली दिसतात, त्यांतली बरीचशी अशाच चुकीची आहेत. मोटारसायकलच्या इंजिनात ऑइल वेगळे भरलेले असते. गवताचे मशीन बहुतेक वेळा टू-स्ट्रोक असते, आणि त्याच्या इंजिनात ऑइलची वेगळी जागाच नसते. पेट्रोलात मिसळलेले तेल पेट्रोलाबरोबर आत जाते आणि जाता जाता क्रँकच्या बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडला, पिस्टनला वंगण देते. जुन्या दोन स्ट्रोकच्या स्कूटरी आणि लुना ज्यांनी चालवल्या त्यांना पंपावर पेट्रोलात तेल मिसळून घेतल्याचे आठवत असेल. तोच प्रकार. पिस्टन मिनिटाला सहा-सात हजार वेळा आणि त्याहूनही जास्त वरखाली होतो. तेल नसेल तर तो तापतो, ॲल्युमिनियमचा असल्याने फुगतो आणि सिलिंडरला घासून घासून तिथेच धरतो. सुरुवातीला मशीन छान चालते तेही यामुळेच की आधीच्या तेलाचा ओलावा आत शिल्लक असतो. तो संपेपर्यंत आपल्याला काही कळत नाही.

तेल किती घालायचे? मशीनच्या पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणावर प्रमाण दिलेले असते, ते पाहावे. पंचवीसास एक असेल तर एक लिटर पेट्रोलाला ४० मिलीलिटर तेल. पन्नासास एक असेल तर २० मिलीलिटर. तेल टू-स्ट्रोकचेच हवे, पुडीवर किंवा डब्यावर टू-टी असे लिहिलेले असते. मोटारसायकलचे इंजीन ऑइल चालत नाही, ते नीट जळत नाही. अंदाजाने बुचाने ओतणे सोडून द्या. औषधाच्या दुकानात सुईशिवायची २० मिलीलिटरची सिरिंज मिळते, तिच्याने मोजा. आधी अर्धे पेट्रोल कॅनमध्ये घ्यावे, त्यात तेल घालून हलवावे, मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवावे. टाकी भरण्याआधी दर वेळी कॅन हलवायचा. आणि "थोडे जास्त तेल घातले तर इंजिनाला चांगलेच" असे सांगणारा शहाणा प्रत्येक गावात असतो, त्याचे ऐकू नये. जादा तेल जळत नाही, त्याचा काळा कोळसा प्लगवर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी बसतो आणि मशीन गुदमरते.

एक सावधगिरी. आजकाल फोर-स्ट्रोक मशीनेही मिळतात. त्यांच्या इंजिनाला ऑइल भरायचे वेगळे बूच असते. त्यांत साधे पेट्रोलच घालायचे आणि ऑइलची पातळी वेगळी पाहायची. आपले मशीन कोणते, हे पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना माहीत असले पाहिजे. रंग पाहून ओळखू म्हणाल तर त्या भरवशावर राहू नका, आम्ही त्याच भरवशावर होतो.

आणि पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवणे आजच बंद करा. आमच्या हातून इंजीन गेले, एवढ्यावर निभावले. तहानलेले पोर खेळून घरात आले असते तर?

आता दुरुस्ती. गार झाल्यावर इंजीन सुटले, दोरी हलू लागली. पण सुटले म्हणजे बरे झाले असे नव्हे. सायलेन्सरचे दोन स्क्रू काढले की धूर बाहेर पडायचे भोक दिसते. दोरी हळूहळू ओढत बॅटरीच्या उजेडात तिथून आत पाहिले, तर पिस्टनवर उभे ओरखडे, जणू कोणी खिळ्याने ओढले आहेत. चांगला पिस्टन गुळगुळीत दिसतो. दुसरी एक गावठी परीक्षा आहे. मशीनचा स्विच बंद ठेवून ते फक्त दोरीच्या मुठीला धरून उचलावे. इंजीन धडधाकट असेल तर मशीन थांबत थांबत, टप्प्याटप्प्याने खाली येते. आत दाब राहिला नसेल तर सरळ घसरत जमिनीला लागते. आमचे घसरत गेले.

पिस्टन, रिंग आणि सिलिंडरचा संच पुण्याहून मागवला. त्याचे पैसे अर्थातच आम्ही दिले. बसवताना तीन गोष्टी सांभाळायच्या. पिस्टनच्या माथ्यावर बाण असतो, तो सायलेन्सरच्या बाजूला हवा. रिंगचे तोंड खाचेतल्या बारीक खुंटीवर जुळले पाहिजे, नाही तर सिलिंडर चढवताना रिंग मोडते. गजन पिनेच्या दोन्ही टोकांना तारेची लॉक असतात, ती काढता-घालताना टणकन उडतात. म्हणून क्रँकच्या तोंडावर आधी स्वच्छ फडके कोंबावे. एक लॉक आत पडले तर सगळे इंजीन पुन्हा खोलावे लागते. नवीन भागांना तेलाचा हात लावला, सिलिंडरखाली नवे गॅस्केट घातले, बोल्ट एकदम न आवळता थोडे थोडे, समोरासमोरचे असे आवळले. पहिल्या दोन-तीन टाक्या मशीन पूर्ण रेस देऊन सलग चालवायचे नाही.

हे काम वाचायला सोपे, पण ज्याने कधी पाना धरला नाही त्याने इथे प्रयोग करू नये. तिथे मेकॅनिकला दोन पैसे द्यावेत. बाकी जे खाली सांगतो ते मात्र कोणालाही घरी जमण्यासारखे आहे, बायाबापड्यांनाही. आमच्या वहिनी आता प्लग स्वतः साफ करतात.

मशीन चालू होत नाही म्हणून लोक दोरी ओढ-ओढ ओढतात आणि शेवटी दोरीच तोडतात. तसे करू नका. इंजिनाला पेट्रोल, हवा, ठिणगी आणि आतला दाब एवढेच लागते. दाबाची परीक्षा वर सांगितली. मग प्लग काढा. त्याचे टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर सगळे ठीक. काळे आणि ओले असेल तर तेल जास्त किंवा चोक लावून फार ओढले. पांढरट पडले असेल तर इंजीन तापते आहे, तेल किंवा पेट्रोल कमी पोचते आहे, तेव्हा थांबा आणि कारण शोधा. काळा प्लग पेट्रोलने धुऊन पितळी ब्रशने साफ करा. दोन टोकांतले अंतर ०.६ ते ०.७ मिलीमीटर हवे. हॅक्सॉचे पाते साधारण तेवढ्याच जाडीचे असते, त्याची दात नसलेली कड घालून पाहावी. ठिणगी पाहायची तर प्लग टोपीत बसवून त्याचे लोखंड इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा आणि दोरी ओढा. पण त्याआधी टाकीचे झाकण घट्ट लावा आणि सांडलेले पेट्रोल पुसून घ्या, तिथे भडका उडायला वेळ लागत नाही.

चोकचा गोंधळ नेहमीचा. गार मशीनला चोक लावायचा, कार्बोरेटरजवळचे रबरी बटण पाच-सात वेळा दाबायचे आणि दोरी ओढायची. पहिल्यांदा "फट्" असा आवाज येऊन मशीन बंद पडते. तिथेच चोक काढायचा. लोक चोक तसाच ठेवून ओढत राहतात आणि प्लग पेट्रोलात बुडतो. तसे झाले तर प्लग काढा, स्विच बंद ठेवून मशीन उलटे करून दोरी आठ-दहा वेळा ओढा, प्लग वाळवून पुन्हा लावा.

हवेचा फिल्टर म्हणजे स्पंजचा तुकडा. वाळल्या गवताच्या दिवसांत तो रोज धुळीने भरतो. साबणाच्या पाण्यात धुवा, पिळून सावलीत वाळवा, तेलाचे दोन थेंब चोळून बसवा. फाटला तर लगेच बदला, कारण धूळ आत गेली की तिचा पॉलिश पेपर होतो. पेट्रोलचा फिल्टर टाकीच्या आत नळीच्या टोकाला लोंबत असतो, तारेचा आकडा करून तो बाहेर ओढता येतो. इंजीन चालते पण रेस दिली की दम तोडते, असे झाले तर आधी हा फिल्टर पाहा, मग सायलेन्सरच्या तोंडाची जाळी. कार्बोरेटरचे स्क्रू सर्वांत शेवटी. खरे तर त्यांना हात न लावणेच बरे.

आता दोरी. ही दोरीची युक्ती अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या जॉर्ज बॅलास या गृहस्थांना १९७१ मध्ये सुचली. मोटार धुण्याच्या केंद्रात फिरणारे नायलॉनचे ब्रश पाहून त्यांनी मक्याच्या लाह्यांच्या पत्र्याच्या डब्याला भोके पाडली, त्यांत मासे पकडायची दोरी ओवली आणि डबा फिरवला. हे गृहस्थ मूळचे नाच शिकवणारे. म्हणजे यंत्र सुचायला इंजिनिअरच असावे लागते असे काही नाही.

दोरी गुंडाळताना चकरीवर बाण असतो त्याच दिशेने गुंडाळा, एकावर एक चढू देऊ नका, दोन्ही टोके सारखी बाहेर काढा. एक लांब एक आखूड राहिली की मशीन थरथरते आणि हाताला मुंग्या येतात. जुनी दोरी उन्हाने कडक होऊन पटापट तुटते. ती रात्रभर पाण्यात भिजत घालावी. नायलॉन पाणी पितो आणि मऊ पडतो. चकरी काढायची तर दांड्याच्या टोकाच्या भोकात सळई घालून फिरणे अडवा. तिथले आटे बहुतेक मशीनांत उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटते. आमच्या ओळखीच्या एकाने ते नेहमीच्या दिशेने जोर लावून आटेच खाऊन टाकले. चकरीच्या वरच्या गिअरच्या डब्याला एक स्क्रू असतो. दर २०-२५ तासांच्या कामानंतर तो काढून ग्रीस भरा. डबा हाताला चटका देऊ लागला म्हणजे ग्रीस संपले.

जनावरासाठी गवत कापायचे असेल तर दोरी लावू नका, पाते लावा. दोरीचे बारीक तुकडे तुटून गवतात मिसळतात आणि गाईच्या पोटात जातात. आंब्याच्या, चिंचेच्या रोपाजवळही दोरी नेऊ नका. सालीवर एकदा गोल फिरली की रोप वाळलेच.

आणि एक गोष्ट आम्हाला खरोखर राग येऊन लिहावीशी वाटते. मशीन घेतले की पोरे पहिल्यांदा काय करतात, तर पात्यामागचे प्लास्टिकचे संरक्षण काढून फेकतात. "अडतंय" म्हणतात. आपल्याकडच्या बांधात गवताखाली काय नसते? दगड, तार, फुटलेल्या बाटल्या. पाते तो दगड बंदुकीच्या गोळीसारखा उडवते. संरक्षण तसेच ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा, पायात बूट आणि फुल पँट घाला. पंधरा मीटरच्या आत कोणी उभे राहता कामा नये, शेजारी उभी राहून गवत गोळा करणारी आई किंवा बायको तर नाहीच. तिने मशीन बंद झाल्यावर यावे. पाते लावलेले असताना उजवीकडून डावीकडे झोका द्या. पात्याची उजवीकडची पुढची बाजू जाड बुंध्याला लागली तर मशीन उलट फेकले जाते. घाणेरीची जुनी झुडपे कोयत्याने तोडा, त्यांना मशीन लावू नका. पाते अडकले तर आधी इंजीन बंद, मग हात. रोजंदारी डोळ्यावर चालते हो, एक डोळा गेला तर कोण देणार आहे काम?

दिवाळीनंतर भातकापणी आटोपली की काम ओसरते आणि मशीन सहा महिने पडून राहते. पंपावरच्या पेट्रोलात आता सुमारे २० टक्के इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढून घेते आणि नळ्या, कार्बोरेटरमधले रबराचे पडदे कडक करते. म्हणून कालवलेले पेट्रोल महिन्यापेक्षा जास्त ठेवू नका. मशीन ठेवताना टाकी रिकामी करा आणि मग आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. प्लग काढून भोकात चमचाभर टू-टी तेल टाका, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग लावा.

आमच्याकडे आता पडवीत लोखंडी कॅन आहे. त्याच्यावर पुतण्याने लाल रंगाने ठळक लिहिले आहे: "मशीनचे. तेल घातलेले." त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे: "नानांनी विचारून घेणे." हप्ता त्या महिन्यात आम्ही भरला. पुढच्या महिन्यापासून पुन्हा तो भरतो आहे.